मार्शलचा पुतळा उभा राहिला, हिशेब राहून गेला

जेम्स मार्शल १० ऑगस्ट १८८५ रोजी केल्सीला वारला. केल्सी म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरातली, सोनं आटल्यावर ओसरत चाललेली एक खाणवस्ती. तो ७४ वर्षांचा होता. लग्न केलेलं नव्हतं. उतारवयात तो लोहारकाम करायचा आणि कार्डांवर स्वतःची सही करून ती ५० सेंटला विकायचा. त्या सहीला गिऱ्हाईक होतं, कारण २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमाला, अमेरिकन नदीच्या काठी, ज्याच्या हाताला सोन्याचे कण लागले तो हाच माणूस. पुढच्या सात-आठ वर्षांत सुमारे तीन लाख माणसं या प्रदेशात येऊन धडकली आणि सॅन फ्रान्सिस्को या छोट्या गावाचं बंदर-शहर झालं.

राज्याच्या विधिमंडळाने १८७२ साली त्याला दोन वर्षांसाठी दरमहा २०० डॉलर पेन्शन दिलं. १८७४ आणि १८७६ मध्ये ते निम्म्यावर आणून पुढे चालू ठेवलं आणि १८७८ मध्ये बंद केलं. म्हातारा दारू पितो, अशी काही सदस्यांची तक्रार होती. सहा वर्षांचं मिळून ते साडेनऊ हजार डॉलरच्या आसपास जातं. तो गेल्यावर १८९० मध्ये कोलोमाच्या टेकडीवर, त्याच्या थडग्यावर, त्याचं स्मारक उभं राहिलं. त्याला सुमारे ९ हजार डॉलर लागले. शेवटची सात वर्षं ज्याला राज्याने एक डॉलर दिला नाही, त्याच्या पुतळ्यासाठी मात्र पैसे निघाले.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. ज्याने सोनं शोधलं तोच कफल्लक मेला, काय नशीब म्हणायचं, अशी हळहळ व्यक्त होते आणि विषय संपतो. मला ही हळहळ पुरेशी वाटत नाही. तिच्यामुळे एक चालू सार्वजनिक प्रश्न झाकला जातो. अमेरिकेच्या सार्वजनिक जमिनीतून सोनं, चांदी, तांबं काढणाऱ्या खाणवाल्यांकडून केंद्र सरकार आजही रॉयल्टी घेत नाही. शून्य. हा कायदा १८७२चा आहे आणि तो बदलायचा विषय निघाला की कष्टाळू, एकटा, खेचरावर बिऱ्हाड लादून डोंगर पालथे घालणारा पायोनियर पुढे केला जातो. त्याच्यासाठीच हा कायदा आहे म्हणतात. मार्शलचं आयुष्य नीट वाचलं तर दिसतं की त्या कायद्याच्या रीतीने पायोनियरचंही भलं केलं नाही. हा कायदा बदलला पाहिजे, आणि या कायद्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम साक्षीदार खुद्द मार्शल आहे, असं माझं म्हणणं आहे.

मार्शल मूळचा न्यू जर्सीचा, १८१०चा जन्म. वडिलांकडून सुतारकाम आणि गाड्यांची चाकं बनवायची विद्या शिकलेला. पश्चिमेकडे सरकत सरकत तो मिसुरीत आला, तिथे हिवतापाने बेजार झाला, मग बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर ऑरेगॉनला आणि १८४५च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात पोचला. आज जिथे सॅक्रामेंटो शहर आहे तिथे जॉन सटर नावाच्या स्विस माणसाचा किल्ला होता. मार्शल त्याच्याकडे सुतार म्हणून लागला. थोडी जमीन आणि गुरं घेतली, मग मेक्सिकोविरुद्धच्या लढाईत गेला आणि परत आला तेव्हा गुरं नाहीशी झालेली. जमीनही हातची गेली. म्हणून त्याने सटरशी भागीदारी केली: सटरचा पैसा, मार्शलची मेहनत, आणि नदीच्या वरच्या अंगाला, किल्ल्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर, लाकूड कापायची पाणगिरणी.

गिरणीचं चाक फिरवून झाल्यावर पाणी ज्या चरातून नदीला परत मिळायचं, तो चर पुरेसा खोल नव्हता. दिवसा माणसं तो खणायची आणि रात्री त्यातून पाणी सोडून माती वाहून जाऊ द्यायची. सकाळी मार्शल पाहणी करायला उतरला तेव्हा त्याला तळाशी काहीतरी चमकताना दिसलं. त्याने दगडावर ठेवून ठोकलं, तर तुकडा फुटला नाही, चपटा झाला. मग तो जेनी विमर या बाईंकडे गेला. गिरणीवरच्या माणसांचा स्वयंपाक त्या करायच्या आणि त्या दिवशी त्यांच्याकडे साबणासाठी खाराची कढई चढवलेली होती. तुकडा त्या उकळत्या खारात टाकला. दुसऱ्या दिवशी तळातून काढला तर जसाच्या तसा, उलट अधिकच लखलखीत. हेन्री बिगलर नावाच्या कामगाराने आपल्या रोजनिशीत मोडक्या स्पेलिंगात नोंद केली की गिरणीच्या मुकादमाला चरात सोन्यासारखा दिसणारा धातू सापडला. कॅलिफोर्नियाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस आपल्यापर्यंत नक्की तारखेनिशी पोचला, तो या ओळीमुळे.

आता ‘शोधलं’ या दाव्याकडे बघू. दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या जवळ, फ्रान्सिस्को लोपेझला १८४२ मध्येच सोनं मिळालं होतं आणि तिथे काही वर्षं लोक ते काढतही होते. कोलोमाचा तो चर खणणाऱ्यांमध्ये निसेनान आदिवासी मजूर होते. ही नदी, हे खोरं, कोलोमा हे नावसुद्धा त्यांचंच. मार्शलचं श्रेय मला काढून घ्यायचं नाही. त्याला ते दिसलं, त्याने ते तपासलं. पण ज्या जमिनीवर हे घडलं तिचा मालक कोण, हा प्रश्न त्याच आठवड्यात उभा राहिला आणि त्याचं जे उत्तर दिलं गेलं त्यावर पुढचं सगळं उभं आहे.

सटर व्यवहारी होता. सोन्याची खात्री पटताच त्याने तिथल्या आदिवासींकडून त्या खोऱ्याचा भाडेपट्टा लिहून घेतला. मोबदला म्हणून काही कपडे, पीठ, असल्या किरकोळ वस्तू. मग तो कागद मंजुरीसाठी मॉन्टेरेला, लष्करी गव्हर्नर कर्नल रिचर्ड मेसनकडे पाठवला. मेसनने नकार दिला: आदिवासींना जमीन विकायचा किंवा भाड्याने द्यायचा हक्क आहे, हे अमेरिकेचं सरकार मानत नाही. या एका उत्तरात दोन गोष्टी झाल्या. निसेनान लोकांचा त्यांच्याच खोऱ्यावरचा हक्क कागदोपत्री पुसला गेला आणि सटर-मार्शलच्या हातातही काही उरलं नाही. २ फेब्रुवारी १८४८ रोजी, म्हणजे सोनं दिसल्यावर नऊ दिवसांनी, मेक्सिकोने तहात कॅलिफोर्निया अमेरिकेला दिला. तो तह करणाऱ्यांपैकी कोणालाही कोलोमाची खबर नव्हती.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मेसन स्वतः खाणीचा मुलूख पाहून आला. १७ ऑगस्टच्या अहवालात त्याने लिहिलं की हे सोनं सरकारी जमिनीतलं आहे आणि ते काढण्याच्या परवानगीबद्दल सरकारला काही भाडं किंवा शुल्क कसं मिळवून देता येईल याचा आपण गंभीरपणे विचार केला. पण मुलूख अफाट, माणसं अशी, आणि आपल्याकडचं सैन्य तुटपुंजं. म्हणून हात न घालता सगळ्यांना मोकळेपणाने काम करू द्यायचं ठरवलं. मला हा अहवाल फार महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक जमिनीतल्या सोन्यावर जनतेचा वाटा असतो हे पहिल्याच उन्हाळ्यात एका कर्नलला सुचलं होतं. तो वाटा घेतला गेला नाही, कारण वसुलीला शिपाई नव्हते. नंतर या नाइलाजालाच स्वातंत्र्याचं तत्त्व म्हणून मिरवलं गेलं.

सरकार गैरहजर, म्हणून खाणवस्त्यांनी आपले नियम आपण केले. सभा भरायची, हात वर करून ठरायचं: एका माणसाचा क्लेम, म्हणजे खणायच्या हक्काचा तुकडा, किती फूट, खुंट्या कशा मारायच्या, किती दिवस काम बंद ठेवलं तर हक्क जाणार. जो आधी येईल, खुंटी मारेल आणि राबेल त्याचं. या नियमांचं कौतुक मी अनेकदा वाचलं आहे आणि त्यात काही खरंही आहे. काही आठवड्यांपूर्वी एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या शेकडो माणसांनी भांडणं बऱ्यापैकी आटोक्यात ठेवली. पण सभेत हात वर करायचा हक्क कोणाला होता? १८५० मध्ये राज्याने परदेशी खाणकऱ्यांवर महिना २० डॉलर कर लावला, ज्याचा मार मुख्यतः मेक्सिकन आणि चिली-पेरूच्या लोकांना बसला. तो काढला, तर १८५२ मध्ये नवा आणला, तो चिनी माणसांच्या डोक्यावर. आदिवासींना तर या नियमांत जागाच नव्हती.

कोलोमाचंच बघा. १८४९च्या वसंतात ऑरेगॉनहून आलेल्या काही खाणकऱ्यांनी आदिवासी बायकांवर अत्याचार केले. त्यावरून झालेल्या चकमकीत काही गोरे मारले गेले. मग त्यांच्या साथीदारांनी सूड म्हणून जे दिसतील त्या आदिवासींना ठार मारायला सुरुवात केली. मार्शलच्या गिरणीवर काम करणारी, त्या भानगडीशी संबंध नसलेली माणसंही त्यात होती. मार्शल मध्ये पडला. ही माझी माणसं आहेत, त्यांनी काही केलेलं नाही, हे सांगू गेला, तर जमाव त्याच्यावरच उलटला आणि त्याला जीव वाचवायला कोलोमा सोडून जावं लागलं. माझ्या लेखी मार्शलच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण हा आहे, आणि स्मारकाच्या पुतळ्याचं बोट मात्र सोनं सापडलेल्या जागेकडे रोखलेलं आहे.

पुढे काय झालं ते आकड्यांत सांगता येतं. १८४८च्या सुमाराला कॅलिफोर्नियात दीड लाखाच्या आसपास आदिवासी होते, १८७०पर्यंत ते तीसेक हजारांवर आले. रोगराई होती, उपासमार होती, आणि राज्याच्या पैशाने निघालेल्या सशस्त्र मोहिमाही होत्या. पहिले गव्हर्नर पीटर बर्नेट यांनी जानेवारी १८५१ मध्ये विधिमंडळापुढे सांगितलं की आदिवासी नामशेष होईपर्यंत हे युद्ध चालत राहील, अशीच अपेक्षा धरली पाहिजे. २०१९ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी राज्याच्या वतीने माफी मागितली आणि हा वंशसंहार होता असं स्पष्ट म्हटलं.

मार्शल परत आला तोवर जमिनीवर लोकांनी क्लेम टाकले होते. गिरणी बंद पडली. कज्ज्यांत उरलंसुरलं गेलं. याच्या अंगात सोनं हुडकायची काही शक्ती आहे असं समजून लोक त्याच्या मागे मागे फिरायचे; तो खणायला बसला की चारी बाजूंनी खुंट्या. १८५७ मध्ये त्याने कोलोमाला १५ डॉलरला १५ एकर घेतले आणि द्राक्षं लावली. वाइन बरी निघायची. काही वर्षं संसार मार्गी लागला असं वाटलं, पण साठच्या दशकाच्या अखेरीस कर वाढले, स्पर्धा वाढली आणि मळा बसला. मग पुन्हा खाणीत भागीदारी. त्या खाणीसाठी पैसे उभे करायला १८७० मध्ये व्याख्यानांचा दौरा काढला, तर कॅन्सस सिटीत खिसा रिकामा. रेल्वेसम्राट लीलंड स्टॅनफर्ड यांनी गाडीभाडं दिलं म्हणून न्यू जर्सीला जाऊन आईला भेटता आलं. सटरचंही तेच. तो नुकसानभरपाईसाठी काँग्रेसच्या पायऱ्या झिजवत राहिला आणि १८८० च्या जूनमध्ये, त्याच्या विधेयकावर निर्णय न घेताच अधिवेशन संपल्यावर, दोन दिवसांत वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात वारला.

म्हणजे ‘आधी येईल त्याचं’ या रीतीने आधी आलेल्या दोघांनाही काही दिलं नाही. त्यांच्याही आधी हजारो वर्षं तिथे राहणाऱ्यांचं तर सर्वस्व नेलं. पैसा कोणी केला? ज्यांनी फावडी, पाट्या, पीठ आणि पाणी विकलं त्यांनी, आणि पुढे ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी. सराफकट्ट्यातली माती धुऊन सोनं वेचणाऱ्या झारेकऱ्यासारखा एकटा माणूस नदीच्या वाळूत दोन-चार वर्षंच टिकला. १८५० चं दशक सरायच्या आत डोंगरच्या डोंगर पाण्याच्या तोफांनी फोडणाऱ्या कंपन्या आल्या. त्यांनी सोडलेल्या गाळाने खालच्या शेतांची आणि गावांची अशी दैना केली की १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांना गाळ नदीत सोडायला बंदी घालावी लागली.

१० मे १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी जो खाण कायदा सही केला, त्याने खाणवस्तीची हीच रीत देशाचा कायदा केली. मार्शलला पेन्शन मंजूर झालं तेच हे वर्ष. एका खनिजशोधकाला उपकार म्हणून महिना २०० डॉलर, आणि सगळ्या खाणवाल्यांना हक्क म्हणून सार्वजनिक जमिनीतला खजिना. क्लेम टाका, खनिज दाखवा, खणा. आणि हवी असेल तर एकरी अडीच किंवा पाच डॉलर भरून जमीनच नावावर करून घ्या. हा दर वाढवलाच गेला नाही. १९९४ मध्ये सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या अंतर्गत खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांना न्यायालयाच्या आदेशामुळे नेवाडातली जवळपास दोन हजार एकर जमीन बॅरिक या कॅनडाच्या कंपनीला ९,७६५ डॉलरला द्यावी लागली. त्याखालच्या सोन्याची किंमत १० अब्ज डॉलर धरली होती. बॅबिट यांनी जाहीरपणे याला सोन्याची लूट म्हटलं आणि सही केली, कारण कायदाच तसा होता. त्यानंतर काँग्रेसने जमीन नावावर करून द्यायचं थांबवलं, पण रॉयल्टी शून्य ती शून्यच राहिली. तेल, वायू आणि कोळसा १९२० मध्येच या कायद्यातून बाहेर काढून त्यांना रॉयल्टी लावली होती. मग सोन्या-तांब्याने काय पुण्य केलं आहे? २००७ मध्ये प्रतिनिधीगृहाने रॉयल्टीचं विधेयक मंजूर केलं, ते सिनेटमध्ये अडकलं.

कायद्याच्या बाजूने जे सांगितलं जातं ते मी गांभीर्याने घेतो. शंभर ठिकाणी खणावं तेव्हा एखाद्या ठिकाणी काही सापडतं, धोका फार आहे, रॉयल्टी लावली तर शोधच थांबतील आणि बॅटऱ्यांपासून तारांपर्यंत लागणारे धातू परदेशातून आणावे लागतील. धोका आहे हे खरं. पण खासगी जमीनमालकाच्या शेतात खाण काढायची तर त्याला रॉयल्टी द्यावीच लागते आणि तिथेही खाणी चालतात. जनता ही मालक म्हणून त्या शेतकऱ्यापेक्षा कमी कशी? शिवाय धोक्याचा मोठा भाग आजही जनताच उचलते. सरकारच्या हिशेब तपासणी कार्यालयाने २०२० मध्ये सांगितलं की केंद्राच्या जमिनीवर सोडून दिलेल्या खाणींच्या निदान १ लाख ४० हजार जागा आहेत: उघडी भुयारं, खड्डे, टाकाऊ मालाचे ढिगारे. खाणवाला गेला, कंपनी बुडाली, साफसफाई करदात्याच्या गळ्यात.

गोव्याच्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. पोर्तुगिजांनी गोव्यात कायमस्वरूपी खाण सवलती वाटल्या होत्या. मुक्तीनंतरही पाव शतक त्या तशाच चालल्या आणि १९८७ मध्ये संसदेने कायदा करून त्या रद्द केल्या, त्यांचे मुदतीचे पट्टे केले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतला १० टक्के पैसा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला लावला. २०१५ पासून देशभर रॉयल्टीशिवाय जिल्हा खनिज प्रतिष्ठानातही पैसे भरावे लागतात. तो पैसा खाणीशेजारच्या गावात नीट पोचतो का, यावर भांडावं तेवढं थोडं आहे. पण खनिज जनतेचं आहे आणि काढणाऱ्याने त्याचं मोल द्यायचं, एवढं तरी आपल्याकडे कायद्याने मान्य आहे.

मी हे तटस्थपणे लिहीत नाही, कारण मी सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला राहते. मार्शलच्या कोलोमाहून निघालेलं पाणी आमच्या धरणात येतं. नातोमा तलावाच्या कडेने चालायला गेलं की झाडीत गोल गोट्यांच्या रांगाच्या रांगा लागतात, पुरुषभर उंचीच्या. नवीन आलेल्या माणसाला वाटतं नदीनेच आणून टाकले. विसाव्या शतकात, साठच्या दशकापर्यंत, तरंगत्या यंत्रांनी नदीकाठची जमीन तळापर्यंत उपसून, सोनं काढून, उरलेले गोटे मागे ओकून टाकले त्याचे हे ढीग. त्यांच्यात माती नाही म्हणून त्यांच्यावर धड गवत येत नाही. आणि पाण्यात पारा आहे. सोन्याचे कण धरायला खाणवाले पारा वापरायचे. कॅलिफोर्नियाच्या नदीखाणींतून सुमारे १ कोटी पौंड पारा निसटून निसर्गात गेला, असा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचा अंदाज आहे. नातोमातले कोणते मासे किती खावेत, गरोदर बायकांनी आणि मुलांनी कोणते टाळावेत, याच्या राज्याने काढलेल्या सूचना आहेत. आमच्याकडे भारतातून आई-वडील येतात, नातवंडांना घेऊन गळ टाकून बसतात, आणि हे त्यांना आपणच सांगावं लागतं.

इथल्या शाळांत चौथीला गोल्ड रश असतो. कोलोमाच्या पार्कमध्ये मुलांना लाकडी डोणीत वाळू खळबळून सोन्याचे चार कण शोधायला देतात. आमच्या मराठी घरांतली मुलंही ते कण छोट्या बाटलीत घालून मिरवत आणतात आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. पण त्याच सहलीत त्यांना मेसनने नाकारलेला भाडेपट्टा, १८४९चा वसंत आणि आपल्या मजुरांसाठी जमावासमोर उभा राहिलेला मार्शल सांगितला पाहिजे. दहा वर्षांच्या मुलाला हे झेपत नाही असं शिक्षक म्हणतात. मला तसा अनुभव नाही. मुलं विचारतात, मग ते सोनं कोणाचं होतं? हा प्रश्न काँग्रेसने दीडशे वर्षांत नीट विचारलेला नाही.

मागण्या फार अवघड नाहीत. केंद्राच्या जमिनीतल्या सोन्या-चांदी-तांब्यावर तेलासारखी रॉयल्टी लावावी. त्यातला ठरावीक वाटा सोडून दिलेल्या खाणी बुजवायला आणि नद्यांमधला पारा काढायला राखून ठेवावा. हातात पाटी घेऊन नदीवर जाणाऱ्या हौशी माणसाला यातून खुशाल वगळा, त्याच्यावर कोणाचा डोळा नाही. आणि ज्यांच्या जमिनीतून हे सगळं निघालं त्यांचा मान आधी द्यावा. उत्तरेला, कॅलिफोर्नियातल्याच नेवाडा सिटीच्या निसेनान लोकांची सरकारी मान्यता १९६४ मध्ये काढून घेतली गेली, ती त्यांना परत मिळालेली नाही. आपल्यापैकी ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं आहे त्यांना मत आहे आणि प्रतिनिधीही आहे. दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात हे प्रतिनिधी हसतमुखाने येतात, दोन शब्द बोलतात. त्यांना १८७२च्या कायद्यावर तुम्ही कोणत्या बाजूने मत देणार, आणि निसेनान लोकांच्या मान्यतेचं काय, हे दोन प्रश्न यंदा विचारू.